बिल व्हायच्या आधी फोडलेला बिस्किटपुडा

प्रश्न : आम्ही कात्रजला राहतो. महिन्याचा किराणा भरायला जवळच्या एका मोठ्या सुपरमार्केटात जातो. मुलगी साडेतीन वर्षांची आहे. आत शिरून अर्धा तास झाला की तिची ‘भूक लागली’ची भुणभुण सुरू होते. मग मी ट्रॉलीतलाच एखादा बिस्किटपुडा फोडून तिच्या हातात देते आणि रिकामं वेष्टन काउंटरवर देऊन त्याचं बिल करून घेते. आजवर एकही पुडा बुडवलेला नाही. गेल्या महिन्यात सासूबाई सोबत होत्या. त्या म्हणाल्या, “पैसे दिल्याशिवाय पोरीच्या तोंडात घातलंस, ही चोरीच की गं!” नवरा म्हणतो, “हॉटेलात आपण आधी खातो आणि मग पैसे देतो, तेव्हा कुणी चोर म्हणतं का?” मेलबर्नची बहीण सांगते, तिकडे मुलं दुकानात हिंडता हिंडता फळं खातात. आमच्या दुकानात मात्र पाटी आहे, ‘बिल न करता माल वापरल्यास दहापट दंड.’ यातलं खरं काय धरायचं? आणि द्राक्षाचा एखादा मणी चाखून बघितला तर तेही चूक का?
– एक आई, कात्रज

उत्तर : तुमच्या यजमानांच्या हॉटेलापासून सुरुवात करू, कारण बाकीचा बराचसा गुंता त्यातूनच सुटतो.

कात्रज चौकात तुम्ही भेळ सांगता, भेळवाला ती कालवून तुमच्या हातात देतो, तुम्ही उभ्या उभ्या खाता आणि मग पैसे देता. अमृततुल्यमध्ये चहाचंही तसंच. कात्रज डेअरीच्या स्टॉलवर मुलीला लस्सी घेऊन दिलीत, तरी ती निम्मी पिऊन होईपर्यंत तुम्ही पर्समध्ये सुटे पैसे शोधत असता. इथे पैसे नंतर दिले जातात हे खरं, पण व्यवहार मात्र आधीच पक्का झालेला असतो. तुम्ही मागितलं, विकणाऱ्याने ऐकलं आणि स्वतःच्या हाताने दिलं. हा पदार्थ आत्ता, इथेच खाल्ला जाणार आहे हे त्याला माहीत असतं, आणि त्याने तो दिलेलाच त्यासाठी असतो. राहतात फक्त पैसे.

वाण्याच्या दुकानातही पूर्वी हेच होतं. फळीच्या पलीकडे वाणी, त्याच्या मागे पोती आणि डबे, अलीकडे गिऱ्हाईक. मालाला हात लावायचा तो वाण्यानेच. आईसोबत आलेल्या पोराच्या हातावर तो गुळाचा खडा ठेवायचा, तेव्हा पैशांचा प्रश्नच नसायचा, कारण ज्याचा गूळ त्यानेच तो दिलेला असायचा. महिन्याची उचापत असलेल्या घरांत तर माल संपून जायचा आणि पैसे पुढच्या पगाराला जायचे. तरी तो माल घरात येताक्षणीच घरच्यांचा झालेला असे.

सुपरमार्केटने मधली फळी काढून टाकली. ही पद्धत अमेरिकेतली. १९१६ साली मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी ‘पिग्ली विग्ली’ नावाचं दुकान काढलं. गिऱ्हाइकाने आत फिरायचं, फळ्यांवरचा माल स्वतः टोपलीत घ्यायचा आणि बाहेर पडताना एकाच ठिकाणी हिशेब करायचा, ही त्यांची कल्पना. तोवर अमेरिकेतही वाणीच माल काढून देत असे. आपल्याकडे ही सवय हळूहळू आली. मुंबईच्या कामगार वस्तीत १९४८ साली सुरू झालेल्या ‘अपना बाजार’सारख्या सहकारी भांडारांनी मोठ्या प्रमाणावरच्या किराणा खरेदीची ओळख करून दिली. पवईत डीमार्टचं पहिलं दुकान २००२ साली उघडलं. त्यानंतरच्या वीसेक वर्षांत ट्रॉली ढकलत किराणा भरणं पुण्याच्या उपनगरांत इतकं अंगवळणी पडलं आहे, की त्यात काही वेगळं आहे हे आता जाणवतही नाही.

वेगळं आहे ते एवढंच, की इथे तुमच्या हातात कुणी काही देत नाही. तुम्ही स्वतः उचलता. मग सौदा पक्का कधी झाला म्हणायचा? पुडा फळीवरून उचलला तेव्हा, ट्रॉलीत टाकला तेव्हा, की काउंटरवर?

या प्रश्नावर एक जुना इंग्रजी खटला आहे. भारतातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनाही तो पहिल्या वर्षापासून शिकवला जातो. ‘बूट्स’ या औषधविक्रेत्या कंपनीने १९५१ साली लंडनच्या उत्तर भागातलं आपलं एक दुकान स्वयंसेवा पद्धतीचं केलं. काही औषधं नोंदणीकृत औषधतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच विकली पाहिजेत असा तिथला कायदा होता. बूट्सने असा तज्ज्ञ काउंटरजवळ बसवला होता, फळ्यांजवळ नाही. औषधतज्ज्ञांच्या संस्थेचं म्हणणं असं, की गिऱ्हाइकाने बाटली टोपलीत टाकली तिथेच विक्री झाली, म्हणजे ती देखरेखीशिवाय झाली. १९५३ साली अपील न्यायालयाने हे म्हणणं फेटाळलं. फळीवर मांडलेला माल म्हणजे ‘या, बघा, घ्यावंसं वाटलं तर सांगा’ असं निमंत्रण असतं. गिऱ्हाईक तो काउंटरवर नेतं, तेव्हा ‘मला हे विकत हवंय’ असा प्रस्ताव त्याच्याकडून जातो. काउंटरवरचा माणूस तो स्वीकारतो, तेव्हा सौदा होतो.

न्यायाधीशांनी याचं जे कारण दिलं ते तुमच्या फार कामाचं आहे. टोपलीत टाकल्याबरोबर विक्री झाली असं मानलं, तर गिऱ्हाइकाला विचार बदलता येणार नाही. एक वस्तू घेतली, पुढे तिच्यापेक्षा चांगली दिसली, तरी पहिली परत ठेवता येणार नाही, तिचे पैसे द्यावेच लागतील. म्हणजे हा नियम आधी गिऱ्हाइकाच्या सोयीचा आहे. पाच किलोची तांदळाची पिशवी ट्रॉलीतून काढून पुन्हा फळीवर ठेवताना तुम्हाला कुणी जाब विचारत नाही, तो याच्याच जोरावर. मात्र जोवर परत ठेवायची मुभा आहे, तोवर माल दुकानाचा आहे. पुडा फोडला की परत ठेवायची वाट तुम्ही स्वतःच बंद केलीत आणि माल तर अजून तुमच्या नावावर झालेला नाही. तुमच्या आणि सासूबाईंच्या वादातली अडचणीची जागा नेमकी ही आहे.

इथे सासूबाईंच्या म्हणण्यात मी थोडी दुरुस्ती सुचवेन. पैसे दिले की नाहीत, यावर मालकी ठरत नाही. आपला मालविक्री अधिनियम १९३० सालचा आहे. त्याच्या कलम १९ नुसार, ठरावीक वस्तूची मालकी दोन्ही पक्षांच्या मनात ती जेव्हा जावी असं असेल तेव्हा जाते. उचापतीचा तांदूळ पैसे न देताही घरचा झालेला असतो तो यामुळे, कारण वाण्याने तो समजून-उमजून दिलेला असतो. उलट ट्रॉलीतल्या पुड्याचे पैसे खिशात तयार असले, तरी पुडा दुकानाचाच. तेव्हा बघायचं ते एवढंच, की दुकानदाराची संमती आहे का. हॉटेलवाल्याची आहे, उचापतवाल्या वाण्याची आहे. सुपरमार्केटवाल्याला तुम्ही अजून विचारलेलंच नाही.

मग विचारलं नाही म्हणजे चोरी झाली का? नाही. सासूबाईंनी वापरलेला शब्द कायद्यात बराच जड आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ३०३ मध्ये चोरीची व्याख्या आहे आणि ती जवळजवळ जुनीच आहे. दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू त्याच्या संमतीवाचून हलवणं एवढ्याने चोरी होत नाही. त्यामागे अप्रामाणिक हेतू लागतो, म्हणजे स्वतःला गैरमार्गाने लाभ किंवा दुसऱ्याला गैरमार्गाने तोटा व्हावा असा उद्देश. वेष्टन जपून ठेवून काउंटरवर स्वतःहून देणाऱ्या आईचा उद्देश तसा नसतो. शिवाय संमती बोलूनच द्यावी लागते असंही नाही, ती वागण्यातूनही दिसू शकते. तुमच्या दुकानातल्या काउंटरवरच्या मुलींनी आजवर रिकामी वेष्टनं काही न म्हणता स्कॅन केली असतील, तर दुकानाला हे चालतं असं तुम्ही समजलात, यात गैर काही नाही.

पण हेतू मनात असतो आणि दुसऱ्याला दिसतं ते फक्त वागणं. ट्रॉलीच्या वरच्या कप्प्यात उघड ठेवलेलं वेष्टन आणि डाळीच्या पाकिटांमागे खुपसलेलं वेष्टन, दोन्ही सारखीच रिकामी. कॅमेऱ्यातून बघणाऱ्याला पहिल्यात विसरभोळी आई दिसते आणि दुसऱ्यात लपवालपवी. शिवाय साडेतीन वर्षांच्या मुलीच्या हातातलं वेष्टन पाच मिनिटांनी कुठे असेल, याचा भरवसा तुम्ही देऊ शकणार नाही. ते ट्रॉलीखाली पडतं, चुरगळून तिच्याच खिशात जातं. काउंटरवर तेल-साबणाच्या गडबडीत त्याची आठवण राहत नाही.

अशा विसरण्याचं एक टोकाचं उदाहरण सांगतो. हवाई बेटांवरच्या होनोलुलू शहरात २०११ साली एक गरोदर बाई नवरा आणि लहान मुलीला घेऊन सुपरमार्केटमध्ये गेली. भूक लागली म्हणून दोघांनी तिथलीच सँडविचं खरेदी करता करता खाल्ली. बाकी सामानाचे पैसे दिले, सँडविचांचे द्यायचे राहिले. रक्कम होती सुमारे पाच डॉलर. दाराशी त्यांना अडवलं. त्यांनी तिथल्या तिथे पैसे देऊ केले, तरी दुकानाने पोलिसांना बोलावलं. आई-वडिलांना अटक झाली आणि मुलीला बालकल्याण खात्याने नेलं. ती रात्र त्या मुलीने आई-वडिलांवाचून काढली. देशभर ओरड झाल्यावर दुकानाने माघार घेतली आणि तक्रार मागे पडली. आपल्याकडे इतकं ताणलं जाईल असं मला वाटत नाही. पण त्या बाईच्या मनातही पैसे बुडवायचं नव्हतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

अनेकांना असं वाटतं, की लहान मुलाने खाल्लं तर काहीच प्रश्न नाही. हे अर्धंच बरोबर आहे. सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा ठरत नाही, न्याय संहितेचं कलम २० तसं स्पष्ट सांगतं. सात ते बारा वयातल्या मुलाला आपण काय करतो आहोत याची समज नसेल, तर त्यालाही संरक्षण आहे. पण हे संरक्षण मुलाचं आहे. पुडा फोडून देणारी आई मोठी आहे आणि फोडण्याचा निर्णय तिचा आहे. मुलीने नजर चुकवून स्वतःच चॉकलेट उघडलं, तर गोष्ट वेगळी. तेव्हा ते काउंटरवर दाखवून पैसे द्यावेत, इतकंच.

आता त्या पाटीकडे वळू. ‘दहापट दंड’ हे शब्द वाचून पोटात गोळा येतो, पण दंड करायचा अधिकार न्यायालयाला आणि कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्यांना असतो. खाजगी दुकानाला तो नाही. दुकान तुमच्याकडे मालाची किंमत मागू शकतं. गुन्हा झाला असं त्याला वाटत असेल, तर पोलिसांत तक्रार देऊ शकतं. वीस रुपयांच्या पुड्याचे दोनशे मात्र ते पाटीच्या जोरावर वसूल करू शकत नाही. दारावरच्या सुरक्षारक्षकाला पोलिसांचे अधिकार नसतात. तो पिशवी दाखवायची विनंती करू शकतो, जबरदस्तीने झडती घेऊ शकत नाही. न्याय संहितेत तर आता अशी सोय आहे, की चोरीची रक्कम पाच हजारांपेक्षा कमी असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर शिक्षा म्हणून समाजसेवा करावी लागते. खऱ्या चोरीलाही जिथे इतक्या मर्यादेत ठेवलं आहे, तिथे पैसे द्यायला निघालेल्या आईला पाटी दाखवून घाबरवणं मला अजिबात पटत नाही.

असं असलं तरी दुकानाची बाजूही समजून घ्या, म्हणजे सुरक्षारक्षक टक लावून का बघतो ते कळेल. अशा दुकानांत सगळा हिशेब बारकोडवर चालतो. जगात बारकोड लावून विकलेली पहिली वस्तू होती च्युइंगगमचं पाकीट, जून १९७४ मध्ये, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात. तेव्हापासून संगणकाला माल संपल्याचं कळतं ते काउंटरवर ‘टुक्’ आवाज झाला की. फळीमागे खुपसलेल्या रिकाम्या पुड्याचा तो आवाज कधीच होत नाही. संगणकाच्या लेखी पुडा अजून फळीवर आहे. तो आहे म्हणून नवा मागवला जात नाही. फळी रिकामी राहते आणि मागाहून आलेल्या गिऱ्हाइकाला ‘नाही’ ऐकावं लागतं. अर्धवट खाल्लेलं पाकीट राहिलं, तर मुंग्या, झुरळं, उंदीर येतात आणि शेजारचा चांगला मालही फेकावा लागतो. सगळेच पालक तुमच्यासारखे वेष्टन जपणारे असते, तर पाटीची गरज पडली नसती.

द्राक्षाच्या मण्याचं उत्तर बिस्किटापेक्षा वेगळं आहे. पुडा रिकामा झाला तरी त्याच्यावर किंमत छापलेली असते. सुटी द्राक्षं, बोरं, खजूर, काजू यांची किंमत काट्यावर ठरते. तोंडात गेलेला मणी काट्यावर येत नाही, म्हणून त्याचे पैसे द्यायची इच्छा असली तरी देता येत नाहीत. पुड्याच्या बाबतीत ‘नंतर देईन’ म्हणायला जागा आहे, इथे तीच नाही. म्हणून वजनावर विकला जाणारा माल मुलीच्या हातात बिलाआधी देऊच नका. एका मण्यावरून कुणी तुमच्यावर खटला भरणार नाही. साध्या समजेचा माणूस ज्याबद्दल तक्रार करणार नाही, इतक्या क्षुल्लक नुकसानीला गुन्हा मानायचं नाही, असं न्याय संहितेचं कलम ३३ सांगतं. पण खटला होत नाही म्हणून परवानगी मिळाली असं होत नाही.

“मंडईत तर चाखूनच घेतो,” असं कुणीही म्हणेल. बरोबर आहे. पण तिथे फळवाला स्वतः संत्र्याची फोड पुढे करतो, ‘खाऊन बघा, साखर आहे’ म्हणतो. हात त्याचा, माल त्याचा, संमती त्याची. न विचारता घडावरून मणी तोडणाऱ्याला मंडईतही दोन शब्द ऐकावे लागतात. सुपरमार्केटातही फळांच्या कोपऱ्यात वजन करणारा माणूस असतो. त्याला ‘एक चाखू का?’ असं विचारायला काहीच हरकत नाही, बहुतेक वेळा तो हो म्हणेल. मात्र साडेतीन वर्षांच्या मुलीला ते न धुतलेलं द्राक्ष देऊ नका. द्राक्षबागांवर औषधांच्या फवारण्या होतात, आणि त्या घडाला तुमच्याआधी किती हात लागले असतील याची गणती नाही. या वयाच्या मुलांच्या घशात अख्खं द्राक्ष अडकू शकतं, म्हणून ते उभं चिरूनच द्यायचं असतं. ट्रॉली ढकलता ढकलता ते होणार नाही.

मेलबर्नच्या बहिणीचं म्हणणं खोटं नाही, पण तिने पाहिलेली फळं फळीवरची नसावीत. ऑस्ट्रेलियात वूलवर्थ्सच्या दुकानांत मुलांसाठी फुकट फळांची वेगळी टोपली ठेवलेली असते. ब्रिटनमध्ये टेस्कोने २०१६ पासून अशीच सोय सुरू केली. आई-वडिलांची खरेदी होईपर्यंत मुलाने एखादं केळं, सफरचंद किंवा संत्रं खावं, हा हेतू. म्हणजे तिथेही मूल खातं ते दुकानाने देऊ केलेलं. भुणभुणणारं मूल ही सगळ्या जगाची अडचण आहे, आणि त्या दुकानांनी ती आपल्या खर्चाने सोडवली. पुण्यातल्या एखाद्या दुकानदाराने दारात केळ्यांची अशी टोपली ठेवली, तर तिचा खर्च दहापट दंडाच्या पाटीपेक्षा जास्त सत्कारणी लागेल, असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही थेट विचारलेला नाही, पण सासूबाईंच्या मनात असावा असा एक प्रश्न उरतो. मुलीला यातून काय कळतं? साडेतीन वर्षांच्या मुलीला बिल, बारकोड, ‘नंतर देऊ’ यातलं काही उमजत नाही. तिला दिसतं ते एवढंच, की फळीवरून घेतलं, फोडलं, खाल्लं. काउंटरवरच्या ‘टुक्’ आवाजाचा आणि अर्ध्या तासापूर्वीच्या बिस्किटाचा संबंध ती जोडू शकत नाही. सासूबाईंचा शब्द चुकला असेल, पण त्यांची काळजी रास्त आहे. तुम्ही नसताना तीच मुलगी शेजारच्या किराणा दुकानात तसंच करेल, तेव्हा तिला चूक काय ते कळणारच नाही.

याचा अर्थ मुलीला भुकेलं ठेवून संयम शिकवावा, असा मुळीच नाही. ‘थांबायला शिकलेलं मूल पुढे यशस्वी होतं’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते आलं अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल यांनी १९६०-७० च्या दशकांत केलेल्या प्रयोगांतून. मुलांपुढे गोड खाऊ ठेवायचा आणि थोडा वेळ थांबलं तर दुप्पट मिळेल असं सांगायचं, असा तो प्रयोग. २०१८ साली जास्त मुलांवर तो पुन्हा तपासला गेला. घरची परिस्थिती लक्षात घेतल्यावर थांबण्याचा आणि पुढच्या यशाचा संबंध फारच क्षीण निघाला. तेव्हा एका बिस्किटावरून मुलीच्या भवितव्याची चिंता नको. शिवाय तिच्या हट्टाला दुकानाची मांडणीही हातभार लावते. चॉकलेटं काउंटरपाशी आणि मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवलेली असतात, आणि ती नेमकी त्यासाठीच तिथे असतात. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून मोठ्या दुकानांना जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ काउंटरजवळ आणि दाराशी मांडायला बंदी केली आहे, ती यामुळेच.

आता करायचं काय? सगळ्यात सरळ मार्ग असा, की आत शिरल्यावर पहिल्यांदा मुलीचा पुडा घ्या आणि काउंटरवर जाऊन त्या एकाच वस्तूचं बिल करा. पुडा मुलीलाच काउंटरवर ठेवू द्या, नोटही तिच्याच हातून द्या आणि मग तो फोडा. तिच्या वयाला समजेल अशी ही एकमेव क्रमवारी आहे: दिलं, मिळालं, खाल्लं. बिल ट्रॉलीत वरच ठेवा, म्हणजे शेवटी तो पुडा दुसऱ्यांदा मोजला जाणार नाही. बिल दिलं नाही तर मागून घ्या. विक्रीनंतर बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. बिलाचा आणखी एक फायदा आहे. बिस्किटं कुबट निघाली किंवा पुड्यावरची मुदत उलटलेली असली, तर तक्रारीला हातात पुरावा राहतो. आधी खाल्लेल्या आणि नंतर स्कॅन केलेल्या रिकाम्या वेष्टनावर भांडणं अवघड जातं.

रविवारी संध्याकाळी काउंटरवर वीस माणसांची रांग असेल आणि एका पुड्यासाठी दोनदा उभं राहणं शक्य नसेल, तर मजल्यावरच्या कर्मचाऱ्याला विचारा. ‘मुलीला भूक लागलीय, हा पुडा फोडते, बिल शेवटी करते, चालेल ना?’ तो हो म्हणाला की तुमचा व्यवहार हॉटेलातल्या व्यवहारासारखा झाला आणि यजमानांचा युक्तिवादही जिंकला. फोडण्याआधी तारीख बघा. मुलीला शेंगदाणे, दूध किंवा गव्हाची अ‍ॅलर्जी असेल तर घटकांची यादीही वाचा, आपल्या नियमांप्रमाणे असे घटक पुड्यावर वेगळे सांगावे लागतात. आणि बारकोड फाडू नका. फाटलाच तर तसलाच दुसरा पुडा स्कॅन करून काउंटरवरचा माणूस बिल करू शकतो, त्यासाठी तो कुठल्या फळीवरचा होता ते लक्षात असलं की झालं.

खाऊ घरून न्यायचा असेल तर केळं किंवा लाडू न्या, दुकानात मिळतो तसलाच कंपनीचा पुडा नको. न्यावाच लागला तर आत जाताना पिशवी बांधून घेतात तिथे सुरक्षारक्षकाला तो दाखवून ठेवा. नाहीतर बाहेर पडताना तो घरचा होता हे सिद्ध करायचं काम उगाच तुमच्यावर येतं. आणि घरून निघण्यापूर्वी मुलीला पोटभर खाऊ घाला. सातारा रस्त्याच्या गर्दीत किंवा कोंढवा रस्त्याच्या वळणावर अडकलात, तर दुकानात पाऊल टाकण्याआधीच तिची भुणभुण सुरू झालेली असेल.

शेवटचं एक, ते पैशांबद्दल. हल्ली बहुतेकांच्या खिशात फक्त मोबाइल असतो. पुडा खाऊन झाला आहे, ट्रॉली काउंटरवर आहे आणि नेमका त्याच वेळी बँकेचा सर्व्हर बंद आहे, असं होऊ शकतं. बाकीचा माल तिथेच सोडून परत येता येतं, खाल्लेला पुडा सोडता येत नाही. म्हणून बिलाआधी काही फोडणार असाल, तर पर्समध्ये पन्नासाची एक नोट असू द्या. सर्व्हर बंद पडला तर आधी त्या पुड्याचे रोख पैसे देऊन टाका, बाकीच्या सामानाचं नंतर बघता येईल.